आता नळ चावत नाही

१२ ऑगस्ट

कामेनला आज वायरमनचं लायसन्स मिळालं. शिक्का, सही, फोटो, सगळं कसं झोकात. फोटोत कान जरा जास्तच पुढे आलेत, पण जावई असावा तर असा. रालित्सा मात्र तोंड पाडून बसली होती. म्हटलं, "काय गं, नवऱ्याचं नशीब उघडलं आणि तू सुतकात?"

"आई, नशीब उघडलं ते जर्मनीत. त्याच्या मित्राचे फोन चालूच आहेत. बॅगा माळ्यावरून काढून ठेवल्यात आम्ही."

मी दही वाढत होते, डाव हातातच राहिला. एकुलती एक लेक. ती गेली की या स्लिवेन गावात मी आणि वारा.

कामेन म्हणाला, "इथे काम मिळालं तर मी कशाला जातोय, आई? पण आपल्याच जिन्यावरच्या घरांत मला कोण विचारतं? बल्ब गेला तरी तुम्हालाच हाक मारतात."

खरं आहे ते. मी काही शिकलेली नाही, विजेच्या मोटारींच्या कारखान्यात वाइंडिंग करण्यात जन्म गेला. पण बघून बघून हाताला वीज कळायला लागली. स्क्रूड्रायव्हर माझ्या ॲप्रनच्या खिशातच असतो. शिवाय जिन्याची सेक्रेटरी मीच, त्यामुळे कुणाच्या घरात काय बिघडलंय ते मला घरमालकाच्या आधी कळतं. पण आता माझी हौस बाजूला. कामेनचं नाव व्हायला हवं. उद्याच चौथ्या मजल्यावर लाझार मास्तरांना गाठते. त्यांचं वायरिंग ब्लॉक बांधला तेव्हाचं आहे. त्यांच्या घरी काम चोख झालं की सगळा जिना मागे येईल.

१६ ऑगस्ट

मास्तरांकडे कामेनने नवा बोर्ड बसवला. मास्तर भूगोल शिकवायचे, अजूनही हातात काठी धरतात ती नकाशा दाखवायला धरल्यासारखी. बोर्डात एक स्विच असा आहे की तो गळती ओळखतो. कामेनने फार छान समजावलं. म्हणाला, जेवढी वीज घरात जाते तेवढीच परत यायला हवी; वाटेत थोडी जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेली, तर हा पापणी लवायच्या आत सगळं बंद करतो.

मास्तर म्हणाले, "म्हणजे आमच्या सहलीतला मी. जाताना मुलं मोजायची, येताना मोजायची, एक कमी पडलं की बस थांबवायची."

"अगदी तसंच, मास्तर. पहारेकरी आहे हा."

मग कामेनने सॉकेट उघडली आणि माझ्याकडे वळून बघितलं. "हे पूल कुणी घातले?"

मीच घातलेले. न्यूट्रलपासून, म्हणजे परतीच्या तारेपासून, अर्थिंगच्या पत्रीपर्यंत तांब्याचा छोटासा तुकडा. या ब्लॉकमध्ये अर्थिंगची वेगळी तार कधी आलीच नाही, म्हणून पूर्वी सगळे असंच करायचे. आमच्या फोरमनने शिकवलेलं.

"आई, हा पूल परतीच्या तारेच्या भरवशावर उभा असतो. जिन्यातल्या विजेच्या पेटीत ती ॲल्युमिनियमची तार सुटली ना, की वीज परत जायच्या ऐवजी मशीनच्या पत्र्यावर येऊन उभी राहील. दिवे जातील, माणसाला वाटेल वीज गेली, आणि पत्रा मात्र जिवंत." असं म्हणून त्याने सगळे पूल पकडीने उपटले आणि दात काढून हातात द्यावा तसे माझ्या हातात दिले. जरा लागलं मनाला. पण पोरगं नवीन आहे, उत्साह आहे.

न्हाणीघरात मात्र मला मध्ये पडावं लागलं. टब, नळ, गिझर, सगळं लोखंड एका हिरव्या-पिवळ्या तारेने एकमेकांना बांधायचं त्याच्या मनात होतं. म्हणे, मग बिघाड झाला तरी सगळ्यांवर सारखीच वीज, माणसाच्या अंगातून वाहायला तिला कारणच उरत नाही. पण त्यासाठी फरशांना भोकं पाडायला लागणार. त्या निळ्या फरशा मास्तरांच्या बायकोने निवडलेल्या, आणि ती बिचारी लावून झाल्यावर वर्षही जगली नाही. मास्तर काठी आडवी धरून दारात उभे राहिले. "भोक पाडायचं तर आधी मला पाड."

मी कामेनला म्हटलं, "राहू दे रे. माणसाच्या आठवणीत ड्रिल घालतोस काय?"

"मग गिझर तरी बदला. आतून कुजलाय तो."

"बघू पुढच्या वर्षी," मास्तर म्हणाले.

कामेनने बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "ठीक. पहारेकरी जागा आहे तोवर चालेल. पण त्याला कुणी हात लावायचा नाही." बोर्डाच्या झाकणावर आतून स्वतःचं नाव आणि फोनचं स्टिकर लावलं. किती सुबक दिसतं!

२२ ऑगस्ट

मास्तर आज गाऊनमध्ये खाली आले, कानात साबणाचा फेस. मी दार उघडलं आणि हसू आवरेना.

"हसा, गेर्गिनाबाई. तुमच्या जावयाचा पहारेकरी मला आंघोळ करू देत नाही. टबात बसलो, नळाला हात लावला, की खट्! काळोख."

मी वर जाऊन स्विच वर केला. सगळं ठीक. नळाला हात लावून पाहिला, काही नाही.

२४ ऑगस्ट

पुन्हा तेच. काल दोनदा पडला, आज एकदा. नेमका ते पाण्यात बसून नळ धरतात तेव्हाच. मी रबरी चपला घालून हात लावते तर मख्खासारखा बसून राहतो. मास्तर म्हणतात, पडायच्या आधी बोटाला जरासं चावल्यासारखं होतं. असल्या नाजूक यंत्राचं काय करायचं? म्हाताऱ्या माणसाशीच वैर धरलंय त्याने. आणि मास्तरांच्या कंबरेची शीर अशी धरते, की गरम पाण्यात बसल्याशिवाय त्यांना सरळ उभं राहता येत नाही.

संध्याकाळी खाली बाकावर दाफिना (तिसरा मजला, तिची जीभ म्हणजे कात्री) सगळ्यांसमोर म्हणाली, "गेर्गिना, तुझ्या जावयाचा स्विच लाजाळू दिसतो गं. मास्तरांना उघडं बघितलं की डोळे मिटून घेतो."

सगळा बाक खिदळला. मीही हसले. पण दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरचे लोक कामेनला काम द्यायचं की नाही ते याच आठवड्यात ठरवणार आहेत. आणि याच आठवड्यात ही नाचक्की! मास्तर कामेनला फोन करणार होते. मी म्हटलं, "थांबा हो, पोराला कशाला त्रास? मी आहे ना."

२७ ऑगस्ट

झालं काम. कुणाला पत्ताही नाही.

मास्तर औषध आणायला गेले होते, त्यांची किल्ली माझ्याकडे असतेच. बोर्डाचं झाकण काढलं आणि स्विचला वळसा घालून दोन तारा जोडल्या, खालून वर. वरून चिकटपट्टी, टोकाला घडी, वाइंडिंगमध्ये घालायचो तशी. स्विच जागेवरच ठेवला, खटका वर. बघणाऱ्याला कामेनचं काम जसंच्या तसं दिसेल. त्याचं मन कशाला दुखवायचं? वीज आपली बाजूच्या रस्त्याने जाईल, पहारेकरी उभ्या उभ्या डुलक्या काढेल.

संध्याकाळी मास्तर बाकावर येऊन मोठ्याने म्हणाले, "आज तासभर डुंबलो! कामेनने काय केलं कुणास ठाऊक, पण लाखमोलाचा माणूस आहे." दाफिनाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

३ सप्टेंबर

मास्तर म्हणाले नळ आता जास्तच चावतो. हात झटकन मागे घ्यावा लागतो.

मी विचार केला, असं का? आणि डोक्यात प्रकाश पडला. अर्थातच! कामेनने पूल काढले, त्यामुळे गिझर बिचारा बिनआधाराचा लटकतोय. वर गेले, गिझरच्या सॉकेटमध्ये पूल परत घातला. तांबं घासून चकचकीत करून घातलं. मास्तरांना म्हटलं, बसा टबात आणि धरा नळ. मी दाराबाहेर उभी.

"काय हो, चावतो का?"

"छे! गाईच्या कानासारखा मऊ!"

मग गाऊन घालून बाहेर आले आणि माझ्या हाताचं चक्क चुंबन घेतलं. "इंजिनिअरबाई," म्हणाले. माझं हे वय, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी राकियाचे दोन छोटे पेले भरले. खिडकीत बसून प्यायलो. ते मला आफ्रिकेतल्या नद्यांची नावं सांगत होते. एकही लक्षात नाही राहिली, पण ऐकत राहावंसं वाटत होतं.

१६ सप्टेंबर

कामेनला चार घरांचं काम मिळालं! त्याने रालित्साला उचलून गिरकी घेतली आणि दोघांनी बॅगा माळ्यावर परत टाकल्या. मी न्हाणीघरात जाऊन जरा रडून घेतलं, आनंदाने. माझ्याही घरी त्याने तसलाच स्विच बसवला. पोराची हौस, म्हटलं बसव.

एक गंमत. कामेनने मास्तरांना सांगून ठेवलंय की महिन्यातून एकदा स्विचचं बटण दाबून बघायचं, वीज जायला हवी. मास्तर मला म्हणाले, "दाबलं. खटका पडला, पण दिवे चालूच राहिले. हे बरोबर आहे का?"

"उत्तम आहे की! खटकाही पडतो आणि अंधारही होत नाही, आणखी काय हवं?"

"कामेनला सांगू?"

"नको. तो उगाच परत उघडून बसेल. तुमची आंघोळ जाईल."

मास्तर आज्ञाधारक मुलासारखे मान डोलवून गप्प बसले.

२८ सप्टेंबर

मिरच्या! तीन दिवस दुसरं काही नाही. मास्तरांच्या बाल्कनीत ऊन चांगलं येतं, म्हणून माझी आणि त्यांची अशा दोन्ही विजेच्या भट्ट्या तिथेच लावल्या. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, बरण्या भरायच्या. दोघांची बोटं काळी, डोळ्यांत पाणी. मास्तर सोलता सोलता म्हणाले, "हिवाळ्यात या बरण्या एकाच घरात ठेवल्या तर काय हरकत आहे?"

मी म्हटलं, "कोणाच्या?"

"ते तुम्ही ठरवा."

मी काही ठरवलं नाही, नुसती मिरची सोलत राहिले. रविवारी जेवायला या, तेव्हा सांगते, म्हटलं.

दोन भट्ट्या एकदम लावल्या की मास्तरांचे दिवे मलूल व्हायचे, मग एकदम लख्ख, मग पुन्हा मलूल. खाली उतरताना दाफिना नाक वर करून उभी. "जिन्यातल्या पेटीला कसला वास येतोय गं? जळकट?"

"अगं मिरच्यांचा. नाक आहे की काय?"

पेटीचा पत्रा कोमट लागला हाताला. ऊन येतं तिथे दुपारी.

३० सप्टेंबर, रविवार

लाझार मास्तर गेले.

जेवायला आले नाहीत. मी भरलेल्या मिरच्या दोनदा गरम केल्या. मग किल्ली घेऊन वर गेले. घरात वीज नव्हती, एकही दिवा लागेना. जिन्यातले लागत होते. टॉर्च घेऊन न्हाणीघरात गेले. टबात होते. एक हात नळावर.

नळ गळत होता, तो बंद करायला मी हात लावला तर कोपरापर्यंत असा झटका बसला की टॉर्च पडला. काळीजच हललं माझं. माणसाचं दुःख असं हातातून येतं हे मला माहीत नव्हतं.

हो म्हणणार होते मी.

३ ऑक्टोबर

माती दिली. कामेनने खांदा दिला. दारावर मास्तरांच्या निधनाचा, फोटो असलेला कागद चिकटवला, त्यात ते काठी धरून हसतायत.

डॉक्टर म्हणतात विजेने गेले. तपास अधिकारी आला, बोर्ड उघडला, जिन्यातली पेटी उघडली. पेटीत मास्तरांच्या घराची परतीची तार तुटून काळी पडलेली. तो म्हणाला, "तार तुटणं हा जुन्या इमारतीचा दोष. पण हा स्विच चालत असता तर माणूस पापणी लवायच्या आत वाचला असता. त्याला वळसा घालून दोन तारा कोणी टाकल्या? आणि गिझरला हा पूल?"

झाकणावरचं स्टिकर त्याने वाचलं. मग कामेनकडे पाहिलं.

कामेन पांढराफटक पडला. "मी नाही टाकल्या. मी पूल उपटून काढले होते."

"कोणी पाहिलं?"

"मास्तरांनी." मग तो माझ्याकडे वळला. "आणि आईंनी."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही, चक्कर आली. दाफिनाने पाणी दिलं.

८ ऑक्टोबर

मास्तरांचा नववा दिवस. गहू उकडून साखर घालून जिनाभर वाटला. कामेन आला तेव्हा मी एकटीच होते. त्याला जामिनावर सोडलंय, लायसन्स काढून घेतलंय.

बसला आणि म्हणाला, "आई, त्या तारा तुमच्या आहेत."

"आधी दोन चमचे गहू खा."

"चिकटपट्टीच्या टोकाला घडी आहे. अख्ख्या स्लिवेनमध्ये अशी घडी तुम्हीच घालता."

"बरं मग? मास्तरांना आंघोळ करता येत नव्हती, आणि तुझं नाव खराब होत होतं. तुझ्यासाठीच केलं ना, बाळा?"

त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात बर्फासारखे होते. "मग तेवढंच सांगा त्यांना. तुमचं वय आहे, हेतू वाईट नव्हता, तुम्हाला कोणी काही करणार नाही. मला तुरुंगात टाकतील. एकच वाक्य, आई. मी लावल्या. बस."

मी त्याला शांतपणे समजावलं. असं बघ, मी बोलले तर लोक काय म्हणतील? या कारागिराने लावलेल्या बोर्डात कोणीही म्हातारी हात घालते. म्हणजे उरलीसुरली अब्रूही गेली. आता निदान काम तुझं आहे एवढं तरी राहतं. "तू आत्ता तापलेला आहेस, तुझं भलं कशात आहे ते तुला दिसत नाही."

तो टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. मी केसांवरून हात फिरवला तर झिडकारून उठला. पहिल्यांदाच असं वागला. झोप नाही बिचाऱ्याला.

गहू तसाच राहिला.

९ ऑक्टोबर

काल खूप विचार केला. तार म्हणजे तार, ती वीज नेते, माणूस मारत नाही. माझ्या घरात जन्मभर पूल होते आणि मी धडधाकट आहे. चूक झाली असेल तर त्या हिरव्या-पिवळ्या तारेची, ती कामेनने हट्टाने बांधायला हवी होती. म्हातारा माणूस काठी आडवी धरणारच, कारागिराने ठाम राहायला नको? पण हे मी कुठे बोलणार नाही. पोरगं आधीच खचलंय.

२० नोव्हेंबर

जिन्यातले लोक घाबरलेत. कामेनने बसवलेले स्विच नकोत म्हणतात. मीच घरोघर जाऊन ते काढून दिले आणि सॉकेटमध्ये पूल परत घातले. लोकांना धीर यावा म्हणून सुरुवात माझ्या घरापासून केली. सगळे म्हणतात, गेर्गिना मावशी, तू आहेस म्हणून झोप लागते.

दाफिनाकडचा शेवटचा पूल घालत होते. ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "ऑगस्टमध्ये मास्तर औषधाला गेले होते, तेव्हा तू वर गेलेलीस. मी पाहिलं होतं."

"गेले असेन. त्यांची किल्ली माझ्याकडेच असायची."

"मी त्या साहेबाला सांगितलं, मला काही माहीत नाही." आणि वर म्हणाली, "तू माझी शेजारीण आहेस, तो तर काय, बाहेरून आलेला पोरगा."

"अगं, पण सांगण्यासारखं होतंच काय त्यात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कॉफी घेतेस?" बाई जिभेची कात्री असली तरी मनाने चांगली आहे.

११ जानेवारी

रालित्सा बॅग घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"तो काय म्हणतो माहितीये? तू केलंस सगळं! स्वतः अडकला तर माझ्या आईला पुढे करतो. मी त्याला म्हटलं, माणूस मारलास ते मारलास, आता म्हातारीच्या पदराआड लपतोस?"

मला भरून आलं. म्हटलं, "त्याच्यावर रागवू नको गं. भीतीपोटी माणूस काहीही बोलतो."

"आई, तू सांग. एकदाच. हात लावला होतास का?"

तिच्याकडे बघितलं. रात्रभर रडून आलेली, शाळेत असताना ताप चढला की दिसायची तशी. हो म्हटलं तर तिचं नवऱ्यापायी आणि आईपायी, दोन्हीकडून काळीज फाटेल. नाही म्हटलं तर एका बाजूने तरी शाबूत राहील.

"नाही," म्हटलं.

तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिची जुनी खोली झाडून ठेवलेलीच होती.

१४ मार्च

आज कोर्टात माझी साक्ष झाली. सगळा जिना नवे कपडे घालून आला होता, मार्चचे शकुनाचे लाल-पांढरे धागे छातीला लावून. मीही एक कामेनसाठी नेला होता, पण त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत.

न्यायाधीश बाई तरुण आणि गोड होत्या. त्यांनी विचारलं, "आरोपीने काम केल्यानंतर त्या बोर्डाला दुसऱ्या कोणी हात लावला होता, असं तुमच्या माहितीत आहे का?"

कामेन माझ्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा नीट माझ्या डोळ्यांत. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. वाटलं, पोराला आज तरी आपल्याकडून दोन चांगले शब्द मिळायला हवेत. सगळ्या गावासमोर.

मी मोठ्याने सांगितलं, "नाही, बाईसाहेब. माझ्या जावयाचं काम इतकं नेटकं असतं, की त्याला हात लावायची कुणाला गरजच पडत नाही. त्या बोर्डातली तारन् तार त्याने स्वतः लावलेली आहे."

बाईंनी लिहून घेतलं. कामेनचा वकील खाली बसला. कामेनने डोळे मिटले.

घरी आल्यावर रालित्सा म्हणाली, "चांगली बोललीस, आई."

२ एप्रिल

तीन वर्षं. आणि पुन्हा कधी विजेचं काम करायचं नाही. मला वाटलं होतं माझ्या साक्षीने थोडं कमी होईल.

८ जून

आज तुरुंगात कामेनला भेटून आले. आधी दोनदा गेले तर तो बाहेरच आला नव्हता, लाजत असेल. आज आला. वाळून काठी झालाय, कान तेवढे राहिलेत. मी चीजची बानित्सा नेली होती, अजून कोमट होती.

म्हटलं, "बाळा, रालित्सा बरी आहे. घटस्फोटाचे कागद झाले तुमचे, पण तिच्या मनात राग नाही. बेकरीत कामाला लागली. जर्मनीचं नाव काढत नाही आता, माझ्याजवळच राहते."

त्याने बानित्सा बाजूला सरकवली. मग खाली बघत म्हणाला, "आई, मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. शिक्षा भोगतो मी. एकच करा. ते पूल काढा. जिन्यातले सगळे. तुमच्या घरातला सगळ्यात आधी. रालित्सा तिथे आंघोळ करते."

किती गुणी पोरगं! इथे बसूनही डोक्यात कामच. आणि तेच जुनं वेड. त्याच्याशी वाद घालून काय मिळणार होतं?

"काढले रे, राजा. केव्हाच काढले."

त्याने मान वर केली. "गिझरचा?"

"तो आधी काढला."

"आणि स्विच?"

"परत बसवला. बटण दाबून बघते महिन्याच्या महिन्याला. दिवे जातात."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "खरं ना?"

"तुझी शप्पथ."

मग त्याने माझा हात धरला, आपणहून. आणि बानित्सा खाल्ली, सगळी, बोटं चाटून. खोटं बोलले, देव मला क्षमा करो. पण त्या तोंडावर काय समाधान आलं! पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा हसला.

बस उशिरा मिळाली. घरी आले तर रालित्सा न्हाणीघरात होती आणि आतून गुणगुणत होती, कितीतरी महिन्यांनी. स्वयंपाकघरातला दिवा एकदा मलूल झाला आणि परत लख्ख पेटला. मी दाराबाहेरूनच म्हटलं, "सावकाश होऊ दे गं. पाणी भरपूर तापलंय."